नऊ हजारांच्या जागी तीन हजार सहाशे! घरून केलेल्या कामाचा कापलेला टॅक्स परत मिळतो का?

निशिगंध | ८ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४२

मी घरी बसून मराठी ऑडिओबुकचं वाचन करते. बंगळुरूची एक कंपनी आहे, तिच्या ॲपसाठी. महिन्याला नऊ हजार मिळतात. दुपारी सगळे झोपले की खिडक्यांना गोधड्या लावायच्या, पंखा बंद करायचा आणि वाचायला बसायचं. शेजारच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की थांबायचं. तर सांगायचं म्हणजे पैसे कष्टाचे आहेत.

एप्रिलपासून पाच महिन्यांचे पैसे पूर्ण आले. सप्टेंबरच्या बिलाचे मात्र खात्यात ३,६०० जमा झाले. वाटलं, उरलेले नंतर येतील. मेल केला तर एका ओळीचं उत्तर आलं, '१९४जे प्रमाणे टीडीएस, रु. ५,४००'. पुढे काही नाही.

नऊ हजारांवर पाच हजार चारशे? साठ टक्के? माझं वर्षाचं सगळं धरूनही लाख-सव्वा लाखाच्या वर जात नाही. मिस्टर म्हणतात, कंपनी बोगस असणार, सोडून दे. पण पाच महिने व्यवस्थित पैसे देणारी कंपनी सहाव्या महिन्यात कशी बोगस होईल?

हे पैसे गेलेच का? आणि दर महिन्याला असेच कापणार आहेत का? मी आजवर कधी रिटर्न भरलेलं नाही, त्यामुळे सोप्या भाषेत सांगा प्लीज.

पोटमाळा | ८ ऑक्टोबर, रात्री ९:५८

वाचतेय. मी भाषांतराचं काम करते, मलाही गेल्या वर्षी असाच झटका बसला होता. कुणी समजावून सांगितलं तर बरं.

ताळेबंद | ८ ऑक्टोबर, रात्री १०:३१

साठ टक्के नाहीत हो, दहाच आहेत. सहा महिन्यांचे एकदम कापले म्हणून तसं दिसतंय.

एका कंपनीने एका व्यक्तीला वर्षभरात ५०,००० पर्यंत व्यावसायिक फी दिली, तर कलम १९४जे खाली टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागत नाही. आधी ही मर्यादा ३०,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. तुमचे पाच महिन्यांचे ४५,००० झाले, तोवर कंपनी गप्प बसली. सहाव्या बिलाला बेरीज ५४,००० वर गेली. इथे बहुतेकांचा समज असा असतो की कापायचं ते वरच्या चार हजारांवर. तसं नसतं. मर्यादा ओलांडली की पहिल्या रुपयापासूनच्या सगळ्या रकमेवर कापतात. ५४,००० चे दहा टक्के म्हणजे ५,४००. आधीच्या पाच बिलांचे पैसे तुम्हाला देऊन झाले होते, त्यामुळे सगळं ओझं या एका बिलावर पडलं.

पुढच्या महिन्यापासून ९०० कापून ८,१०० येतील. मार्चपर्यंत असंच. एप्रिलपासून मोजणी पुन्हा शून्यावर.

पैसे गेलेले नाहीत. तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा होतात. नव्या करप्रणालीत या वर्षी चार लाखांपर्यंत करच नाही, त्यामुळे रिटर्न भरलंत की पूर्ण रक्कम परत मिळेल. रिटर्न भरलं नाही तर मात्र आपणहून कुणी आणून देणार नाही.

झणझणीत | ८ ऑक्टोबर, रात्री १०:४०

हे कंपनीने आधी सांगायला काय होतं? दोन ओळींचा मेल पाठवला असता तर या बाई रात्रभर जाग्या राहिल्या नसत्या.

ताळेबंद | ८ ऑक्टोबर, रात्री १०:५२

खरं आहे. काही कंपन्या याच कारणाने पहिल्याच बिलापासून दहा टक्के कापतात. काम वर्षभर चालणार हे माहीत असेल तर मला तेच बरं वाटतं, एका महिन्यात घर अडचणीत येत नाही. निशिगंध ताई, पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही तशी विनंती करून बघा.

निवांत | ९ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

एवढ्याशा रकमेसाठी रिटर्न? सीए हजार-दीड हजार घेणार, वर कागदपत्रांसाठी चार चकरा. सोडा की.

चिंचगूळ | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:०३

@निवांत, एवढीशी कशी? वर्षाचे १,०८,००० म्हटले तर टीडीएस १०,८०० होतो. एका चांगल्या मायक्रोफोनचे पैसे आहेत ते. आयकर विभागाच्या पोर्टलवर रिटर्न फुकट भरता येतं. माझ्या सासूबाईंचं मीच भरते. ही भिशीच समजा, फक्त ती फोडायला आपण स्वतः जावं लागतं.

गावठी_गुरुजी | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

सोपा उपाय सांगतो. उत्पन्न करपात्र नाही ना? मग कंपनीला फॉर्म १५जी द्या, कापणं बंद. आमच्या बँकेत दरवर्षी देतो.

ताळेबंद | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:४८

गुरुजी, १५जी बँकेच्या व्याजाला चालतो. १९४जे च्या फीला चालत नाही, १९४एच च्या कमिशनलाही नाही. ताईंनी दिला तरी कंपनी तो घेऊ शकणार नाही.

फी किंवा कमिशनवर कमी किंवा शून्य टीडीएस हवा असेल तर कलम १९७ खाली फॉर्म १३ भरून अधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण अंदाजित उत्पन्न दाखवा, मागचं दाखवा, शंकांना उत्तरं द्या, असा खटाटोप असतो. दहा हजारांसाठी मी तो कुणाला सुचवणार नाही. जुलैपर्यंत थांबून परतावा घेणं सोपं.

सुतावरून_स्वर्ग | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

मुळात १९४जे च का? कंत्राटी काम म्हणून १९४सी लावलं असतं तर एक टक्काच कापला असता. त्यातही एका बिलाला ३०,००० आणि वर्षाला एक लाख अशी मर्यादा आहे. भांडा कंपनीशी.

ताळेबंद | ९ ऑक्टोबर, दुपारी १:३५

भांडता येईल, पण हाती काय लागणार? कमी टक्क्याने कापल्याबद्दल कंपनीवर नोटीस येऊ शकते, जास्त कापल्याबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून शंका आली की ते दहा टक्केच लावतात. ताईंचा अंतिम कर दोन्हीकडे शून्यच आहे, फरक फक्त पैसे किती महिने अडकतात एवढाच. त्यासाठी मिळणारं काम तोडू नये असं मला वाटतं.

फाटकी_पिशवी | ९ ऑक्टोबर, दुपारी ४:२२

आमच्या ग्रुपमधल्या काहीजणी निम्मी बिलं नवऱ्याच्या पॅनवर काढतात. दोघांचे पन्नास हजारांच्या आत राहतात, कटकटच नाही.

चिंचगूळ | ९ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

कटकट नंतर येते. काम तुम्ही करायचं आणि उत्पन्न दाखवायचं नवऱ्याचं, हे कायद्यात बसत नाही. व्यवहार म्हणूनही तोट्याचं आहे. बायकोच्या नावावर शून्य कर लागणारे पैसे वीस-तीस टक्केवाल्या नवऱ्याच्या उत्पन्नात जाऊन बसतात. शिवाय उद्या कर्ज काढायचं झालं तर या बाईच्या नावावर कमाईचा पुरावाच नाही! घरकाम सांभाळून मिळवलेल्या पैशाला स्वतःचं नाव असू द्या की.

पोटमाळा | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:०१

चिंचगूळ, शेवटच्या वाक्याला शंभर वेळा +१.

कापसाचं_बोंड | ९ ऑक्टोबर, रात्री ८:४४

माझा किस्सा वेगळा. यवतमाळजवळच्या गावात राहतो, रात्री मोबाइलवर आणि लॅपटॉपवर चित्रांना नावं द्यायचं काम करतो. ट्रॅक्टर कुठला, बैल कुठला, तण कुठलं, तसलं. माझे वीस टक्के कापले. कंपनीला विचारलं तर म्हणे तुमचा पॅन निष्क्रिय आहे. पॅन कार्ड तर खिशात आहे, निष्क्रिय म्हणजे काय?

ताळेबंद | ९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

पॅन आधारशी जोडलेला नसेल तर १ जुलै २०२३ पासून तो निष्क्रिय धरला जातो. कार्ड खिशात असलं तरी टीडीएसच्या हिशेबात पॅन नसल्यासारखंच, म्हणून कलम २०६एए चे वीस टक्के. पोर्टलवर १,००० रुपये भरून आधार जोडा. नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे जुळायला हवी. गावाकडच्या लोकांचं घोडं इथेच अडतं. आधारवर वडिलांचं नाव मधे असतं, पॅनवर नसतं. तसं असेल तर आधी ते दुरुस्त करा.

पॅन पुन्हा चालू व्हायला महिनाभर लागू शकतो. निष्क्रिय असेपर्यंत परतावा मिळत नाही, आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही. पण कापलेले वीस टक्के तुमच्याच पॅनवर जमा आहेत, रिटर्नमध्ये मागता येतात.

कापसाचं_बोंड | ९ ऑक्टोबर, रात्री ९:२७

आधारवर वडिलांचं नाव आहे, पॅनवर नाही. बरोबर ओळखलं भाऊ. उद्याच सेवा केंद्रात जातो.

सोलकढी | १० ऑक्टोबर, सकाळी ११:३०

धाग्याशी जवळचा विषय आहे म्हणून इथेच विचारते. माझ्या सासूबाईंचं यूट्यूबवर कोकणी पदार्थांचं चॅनल आहे. रत्नागिरीच्या घरात शूटिंग होतं आणि सगळं मराठीत. तरी दर महिन्याच्या हिशेबात 'यूएस टॅक्स' म्हणून काहीतरी वजा झालेलं दिसतं. गणपतीच्या महिन्यात तर बरंच. त्या आयुष्यात अमेरिकेला गेलेल्या नाहीत. मग अमेरिकेचा टॅक्स कसला?

हडसनकाठी | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१२

सोलकढी, तो टॅक्स बहुधा आमच्यामुळे. मी न्यू जर्सीत राहतो. इथे गणपतीत प्रत्येक मराठी घरात उकडीच्या मोदकांचे व्हिडिओ लावून पारी वळायचा कार्यक्रम चालतो. अमेरिकेतल्या प्रेक्षकाने पाहिलेल्या जाहिरातीतून मिळणारं उत्पन्न अमेरिकेच्या कायद्याने अमेरिकेत उगम पावलेली रॉयल्टी ठरतं. म्हणून २०२१ च्या जूनपासून गूगल त्यावर कर कापून घेतं. व्हिडिओ बनवणारा कुठे राहतो याच्याशी संबंध नाही, बघणारा कुठे आहे ते पाहतात.

किती कापतात ते मात्र कागदावर अवलंबून आहे. सासूबाईंनी डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेचे रहिवासी नाही हे सांगणारा) भरलाय का आणि त्यात भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागितलाय का, ते बघा. समजा महिन्याला २०० डॉलर मिळाले आणि त्यातले ६० अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे आले. फॉर्म भरलाय आणि कराराचा लाभही मागितलाय तर ६० चे १५ टक्के, म्हणजे ९ डॉलर. फॉर्म भरला पण कराराचा रकाना सोडला तर ३० टक्के, म्हणजे १८. आणि वैयक्तिक खातं असून फॉर्मच भरला नसेल तर सगळ्या २०० डॉलरवर २४ टक्के, म्हणजे ४८. शेवटच्यात भारतातल्या प्रेक्षकांचे पैसेही ओढले जातात.

हा फॉर्म ॲडसेन्सच्या (गूगलच्या जाहिरातींचे पैसे येतात ते खातं) पेमेंट सेटिंगमध्ये 'टॅक्स इन्फो' मध्ये असतो. परदेशी कर क्रमांकाच्या जागी पॅन टाकायचा. सही केलेल्या वर्षानंतर तीन कॅलेंडर वर्षं चालतो, मग नवा. २०२१ च्या गडबडीत ज्यांनी भरला त्यांची मुदत कधीच संपली.

सोलकढी | १० ऑक्टोबर, रात्री १०:०५

बघितलं! कराराचा रकाना रिकामा होता. आत्ताच भरला. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, "अमेरिकेतल्यांना सांग, मोदक नीट वळा, त्यांच्यापायी पैसे जातायत."

हेही ताळेबंद म्हणतात तसं रिटर्न भरलं की परत मिळेल ना?

ताळेबंद | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

इथे थोडी वाईट बातमी आहे. ती नीट सांगतो, कारण यूट्यूबवरचे सल्लागार हे दोन्ही टॅक्स एकाच दमात 'क्लेम करा' म्हणून मोकळे होतात.

भारतातला टीडीएस हा आगाऊ जमा झालेला कर. तुमचा कर शून्य निघाला तर सरकार सगळी रक्कम परत देतं. अमेरिकेत कापलेले पैसे अमेरिकेच्या तिजोरीत गेलेले असतात. आपलं सरकार ते परत देत नाही, फक्त इथल्या करातून तेवढी सवलत देतं. त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागतो, सोबत गूगलकडून मिळणारा १०४२-एस, म्हणजे अमेरिकेत कापलेल्या कराचा दाखला. पण सवलत मिळते ती इथे त्या उत्पन्नावर लागणाऱ्या करापुरतीच. सासूबाईंचा इथला कर शून्य असेल तर सवलत कशातून देणार? ते १५ टक्के गेले असंच धरा. करारामुळे तीसचे पंधरा होतात, छोट्या कमाईवाल्याच्या हाती लागतो तो फायदा एवढाच. म्हणून आधी फॉर्म भरायचा.

आणि रिटर्नमध्ये उत्पन्न दाखवताना पूर्ण २०० डॉलर दाखवायचे, हातात आलेले १९१ नाही. गेल्या वर्षीच्या उत्पन्नाच्या रिटर्नपासून आयटीआर-३ आणि ४ या व्यवसायवाल्यांच्या रिटर्न फॉर्ममध्ये 'सोशल मीडिया इन्फ्लुएन्सर' असा वेगळा व्यवसाय कोड आलाय, १६०२१. सासूबाईंना हे सांगा, खूश होतील.

सोलकढी | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:२६

सासूबाई सरकारदरबारी इन्फ्लुएन्सर! फ्रेम करून लावते.

रेघोट्या | ११ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

नागपूरहून लोगो आणि मुखपृष्ठांची कामं करतो, एका परदेशी फ्रीलान्स साइटवर. माझ्या हिशेबात 'जीएसटी १८%' दिसतो. माझी उलाढाल वीस लाखांच्या जवळपासही नाही, जीएसटी नोंदणी नाही. मग हा कापलाच कसा? ताळेबंदजी, तुम्हाला आता फी द्यायला हवी.

ताळेबंद | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१८

फी ५०,००० च्या आत ठेवा म्हणजे झालं.

रेघोट्या, ओळ नीट वाचा. तो जीएसटी तुमच्या कमाईवर नसून साइट जी फी घेते तिच्यावर आहे. १०० डॉलरच्या कामावर साइटने २० डॉलर फी घेतली तर त्या २० वर १८ टक्के, म्हणजे ३ डॉलर ६० सेंट. परदेशी कंपनीने भारतातल्या बिगरनोंदणी ग्राहकाला ऑनलाइन सेवा दिली की तिने इथला जीएसटी घेऊन भरायचा असा नियम आहे. इथे ग्राहक तुम्ही आहात. हा पैसा आयकर रिटर्नमधून परत मिळत नाही. फार तर फी आणि तिच्यावरचा जीएसटी दोन्ही व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवा.

टीडीएसची ओळही असेल तर ती कलम १९४-ओ ची. ऑक्टोबर २०२० मध्ये हे कलम आलं तेव्हा एक टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झालाय. वैयक्तिक विक्रेत्याची त्या मंचावरची वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल तर तोही कापायचा नसतो. पॅन-आधार काहीच दिलं नसेल तर पाच टक्के.

आकाशकंदील | ११ ऑक्टोबर, रात्री ८:०९

विक्रेत्यांसाठी भर घालते. मी दिवाळीत कंदील आणि पणत्या ऑनलाइन विकते, जीएसटी नोंदणी आहे. आमच्या पेमेंटमधून साइट ०.५ टक्के जीएसटीचा टीसीएस (विक्रीच्या पैशांतून साइटने गोळा करायचा कर) कापते. तो आयकराच्या रिटर्नमध्ये शोधू नका, मिळणार नाही. जीएसटी पोर्टलवर 'टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट' मध्ये जाऊन स्वीकारावा लागतो, मग तो आपल्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे जीएसटीच्या रोख खात्यात येतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींचे पैसे तिथे नुसते पडून आहेत.

रेघोट्या | ११ ऑक्टोबर, रात्री ९:३३

धन्यवाद. बँकेचंही विचारून घेतो. दर वेळी डॉलरचे रुपये होताना जीएसटी म्हणून ४५ रुपये जातात. रक्कम लहान असो वा मोठी, ४५ च.

हडसनकाठी | १२ ऑक्टोबर, पहाटे ५:५०

हे मला माहीत आहे, घरी पैसे पाठवताना तोंडपाठ झालंय. चलन बदलून देण्याच्या सेवेची किंमत एक लाखापर्यंतच्या रकमेला एक टक्का धरतात, पण किमान २५० रुपये. २५० चे १८ टक्के म्हणजे ४५. त्यामुळे पाच हजार आले तरी ४५ आणि पंचवीस हजार आले तरी ४५. बँकेचे स्वतःचे चार्जेस वेगळे. लहान लहान रकमा दर आठवड्याला काढण्यापेक्षा साठवून दोन-तीन महिन्यांनी एकदम काढा.

उंटावरचा_शहाणा | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:४१

मी मोबाइलची परीक्षणं करतो. एका कंपनीने २४,००० चा फोन दिला, ठेवून घ्या म्हणाली. वर सांगते की आधी २,४०० भरा. फुकट म्हणून दिलेल्या वस्तूचे पैसे?

ताळेबंद | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:२५

कलम १९४आर, जुलै २०२२ पासून. व्यवसायाच्या निमित्ताने वर्षाला २०,००० च्या वर वस्तुरूप लाभ दिला तर देणाऱ्याने दहा टक्के कर भरल्याची खात्री करायची असते. फोनमधून दहा टक्के कापता येत नाहीत, म्हणून रोख मागतात. परीक्षण करून फोन परत दिलात तर तो लाभ धरला जात नाही, आयकर विभागाच्या २०२२ च्या परिपत्रकातच तसं स्पष्टीकरण आहे. ठेवायचा असेल तर २४,००० उत्पन्नात दाखवा आणि भरलेले २,४०० करातून वळते करून घ्या.

निवांत | १२ ऑक्टोबर, दुपारी १:०२

आणि मोबाइलवर रमी खेळून जिंकलेल्या पैशांतून तीस टक्के गेले ते? मित्रासाठी विचारतोय.

ताळेबंद | १२ ऑक्टोबर, दुपारी १:१०

मित्राला सांगा, जिंकलेल्या निव्वळ रकमेवर सरसकट ३० टक्के कर आहे आणि त्याला चार लाखांची सूट लागत नाही. शिवाय पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्टमध्ये झालाय. त्यामुळे मित्राचा प्रश्न पुढच्या वर्षी येऊ नये.

निशिगंध | १८ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑक्टोबरच्या बिलाचे बरोब्बर ८,१०० आले. पोर्टलवर स्वतः नोंदणी केली, ओटीपीचा थोडा गोंधळ झाला पण झालं. फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराची यादी, उघडून बघितला. कंपनीचं नाव, ५४,००० आणि समोर ५,४००. मिस्टरांना बोलावून दाखवलं. कंपनीकडून फॉर्म १६ए (टीडीएस कापल्याचा दाखला) पण मेलवर आला.

आता रिटर्न कधी आणि कुठलं भरू? आयटीआर-१ मध्ये 'इतर उत्पन्न' म्हणून टाकलं तर चालेल का? एका ओळखीच्यांनी तसं सुचवलं. आणि खर्च किती दाखवायचा?

ताळेबंद | १८ नोव्हेंबर, रात्री ९:५५

घाई करू नका. जानेवारी ते मार्च तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायला कंपनीला ३१ मेपर्यंत मुदत असते. जूनच्या मध्यावर २६एएस पुन्हा उघडा. १०,८०० पूर्ण दिसले की मगच रिटर्न. शेवटची तारीख आजवर ३१ जुलै असायची, यंदा वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती, पण वाढीव मुदतीच्या भरवशावर राहू नका.

आयटीआर-१ नको. तुम्ही महिनोन् महिने ठरावीक काम करताय, बिल देताय, ते व्यवसायाचं उत्पन्न आहे. टीडीएस १९४जे चा आणि उत्पन्न 'इतर' मध्ये, असं केलं की पुढे प्रश्न विचारले जाऊ शकतात. मी आयटीआर-३ सुचवेन. निम्मं उत्पन्न नफा धरायची ४४एडीए ची सोय आयटीआर-४ मध्ये आहे, पण ती ठरावीक व्यवसायांनाच मिळते. वाचनकाम त्यात बसतं की नाही यावर सीए लोकांतच दोन तट आहेत. तुमचा कर दोन्हीकडे शून्य, मग वादात कशाला पडा?

खर्चाचंही तेच. मायक्रोफोन, इंटरनेट जे खरं असेल ते दाखवा. खर्च फुगवून काही वाचणार नाही, कारण वाचवायला करच नाही. एफडीचं व्याज वगैरे असेल तर तेही दाखवा, एआयएस मध्ये (तुमच्या व्यवहारांची विभागाकडची वार्षिक नोंद) ते विभागाला दिसतंच. बँक खातं पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवा आणि रिटर्न भरल्यावर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करा. ते राहिलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात.

पोटमाळा | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

माझं गाडं वेगळ्याच ठिकाणी अडकलंय. एका छोट्या कंपनीने गेल्या वर्षी माझे चार हजार कापले आणि २६एएस मध्ये काहीच नाही. मेलला उत्तर देत नाहीत.

ताळेबंद | १९ नोव्हेंबर, दुपारी १:४७

कापले पण भरले नाहीत, किंवा भरताना पॅन चुकीचा टाकला. आधी दुसरी शक्यता तपासायला लावा. त्यांना सुधारित टीडीएस रिटर्न भरता येतं, दहा मिनिटांचं काम आहे. मेलमध्ये बिल क्रमांक, तारीख, कापलेली रक्कम आणि तुमचा पॅन हे सगळं एकत्र लिहा. मालकाला आणि हिशेब बघणाऱ्याला, दोघांनाही पाठवा.

तुमचं बिल, कापलेली रक्कम दाखवणारा त्यांचा मेल आणि बँकेत आलेली कमी रक्कम, हे तिन्ही जपून ठेवा. कलम २०५ असं सांगतं की तुमच्याकडून कापून घेतलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही. पण २६एएस मध्ये नोंद नसेल तर परतावा आपोआप मिळत नाही, तक्रार आणि पाठपुरावा करावा लागतो.

गावठी_गुरुजी | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

एक ऐकलं, पुढच्या वर्षी ही सगळी कलमंच जाणार म्हणे?

ताळेबंद | १९ नोव्हेंबर, रात्री ८:१२

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. पगाराखेरीजचे टीडीएस, म्हणजे १९४जे, १९४एच, १९४-ओ आणि बाकीचे, त्यात कलम ३९३ च्या तक्त्यांत एकत्र आणलेत. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या मेलमध्ये '३९३' दिसलं तर घाबरू नका. ताईंचं या वर्षीचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याने.

कापसाचं_बोंड | २० नोव्हेंबर, सकाळी ७:५५

पॅन चालू झाला. आता माझ्या भावाचं विचारू का? त्याने क्रिप्टो घेतलंय, त्यात पण एक टक्का कापला.

चिंचगूळ | २० नोव्हेंबर, सकाळी ८:१०

त्यासाठी वेगळा धागा काढा, दादा. तिथे नफ्यावर तीस टक्के आणि तोटा वळता करायची सोय नाही, ते इथे मावायचं नाही. ताळेबंदांना चहा तरी पिऊ द्या.